भरताचा आवाज कोणी दाबला?

१

भरत रामापुढे बोलायला लागला आणि त्याचा आवाज गेला.

गेला म्हणजे घसा बसला असं नव्हे. शनिवारची संध्याकाळ होती. शिरसीपासून मस्कतपर्यंत विखुरलेली माणसं ॲपवरच्या एकाच दालनात जमून ताळमद्दळेची बैठक ऐकत होती. वेष नाही, नाच नाही. भागवताने पद म्हणायचं, मद्दळे वाजायची आणि अर्थधाऱ्यांनी मांडी घालून आपापल्या पात्राची बाजू तिथल्या तिथे लढवायची. भागवत आणि वाजवणारे शिरसीत एका खोलीत बसत, अर्थधारी आपापल्या घरून बोलत. त्या दिवशी 'पादुकाप्रदान' होतं. भरत होते बाळेकोप्पाचे विघ्नेश्वर हेगडे. वय सत्तरीच्या पुढे, आणि आपल्यासारखा अर्थ सांगणारा घाटावर नाही, घाटाखाली नाही, असं निदान त्यांचं स्वतःचं ठाम मत होतं.

"अण्णा," हेगडे म्हणाले, "या राज्याचं मी काय करू..." आणि पुढे शांतता.

रामाचं काम त्या दिवशी ऐन वेळी प्रसन्न नावाच्या तरुणाकडे आलं होतं. त्याने जरा वाट पाहिली आणि मग "भरता, तुझ्या मनातलं मी जाणतो," असं म्हणत भरताचंही आपणच बोलून टाकलं. ऐकणाऱ्यांनी टाळ्यांची चित्रं धाडली. तेवढ्यात हेगड्यांचा आवाज परत आला. तो भरताचा मात्र नव्हता.

"थांबवा हे! तिसरी खेप आहे ही! सुब्राय भट्रे, असाल तिथून ऐका. समोरासमोर जिंकता येत नाही म्हणून माणसाचा गळा दाबता होय?"

सुब्राय भट होन्नावरचे. हे दालन त्यांनीच उघडलेलं. कोणाचाही आवाज बंद करायचा अधिकार त्यांच्याकडे आणि त्यांचा भाचा प्रसन्न याच्याकडे, बाकी कोणाकडे नाही. हेगड्यांच्या समोर कृष्ण करावा तो भटांनीच, असा अर्ध्या आयुष्याचा रिवाज. शिवाय दोघे एकमेकांचे व्याही. भटांची सुमंगला हेगड्यांच्या श्रीपादला दिलेली.

भट त्या संध्याकाळी कुमट्याला एका लग्नात होते. त्यांना हे दुसऱ्या दिवशी कळलं, तेही चार तोंडांतून फुगत फुगत. ते एकच वाक्य बोलले, "माझ्या नावावरचा डाग पुसल्याशिवाय मी त्या घराचा उंबरठा ओलांडणार नाही." आणि त्याच घरात, दोनच आठवड्यांनी, त्यांच्या एकुलत्या एका नातवाची मुंज होती.

सुमंगलाला बेंगळुरूत एका कानावर सासऱ्यांची बाजू आली, दुसऱ्या कानावर वडिलांची. अडकित्त्यातल्या सुपारीला विचारा काय वाटतं ते. ती नोकरीला होती एका कंपनीच्या मदतकक्षात. "आवाज तुटतो, जोडणी जाते, समोरच्याला ऐकू येत नाही," असल्या तक्रारी दिवसभर ऐकून निस्तरणं हेच तिचं काम. तिने रजा काढली, पोराला श्रीपादच्या हवाली केलं आणि मुंजीच्या तयारीचं निमित्त करून बाळेकोप्प गाठलं.

२

"माव, शेवटचं सगळं नीट कधी चाललं होतं?" तिने सासऱ्यांना विचारलं.

"ही काय डॉक्टरकी? दुखतं कुठे, कधीपासून? रोग होन्नावरला आहे, तू नाडी माझी धरतेस!"

"नाडी सगळ्यांची धरणार आहे. सांगा तरी."

हेगडे कषायाच्या काढ्याचा लोटा हातात घेऊन पडवीत बसले होते. पलीकडे गावातल्या बायका सुपारी सोलत होत्या, आणि हातांपेक्षा तोंडं जास्त चालत होती. सुमंगलाने आधी तारेपासून सुरुवात केली. इंटरनेटचं खोकं पाहिलं, वायर पाहिली, लॅपटॉप पाहिला. मग बेंगळुरूला श्रीपादला ॲपवर घेतलं आणि सासऱ्यांना म्हणाली, "बोला. लांबलचक बोला."

हेगड्यांनी कौरवाचं, म्हणजे दुर्योधनाचं, पाऊण भाषण ठोकलं. त्यात भटांना चार शिव्या मिसळल्या. श्रीपाद पलीकडून म्हणाला, "शब्द न् शब्द आला. सासऱ्यांचा उद्धारही स्पष्ट आला."

म्हणजे तार ठीक, यंत्र ठीक. सुमंगलाला बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. यंत्र ठीक असेल तर मग माणसंच उरतात.

"हे खाली 'दाबून बोला' कोणी लावलं?" तिने विचारलं.

सासूबाई सावित्री सुपाऱ्यांच्या राशीवरून उठून आल्या. "मी लावलं. प्रसन्नाने फोनवर सांगितलं तसं. यंदा सोलायचं काम सुरू झालं तशी लोकांची तक्रार आली ना, की हेगड्यांच्या कृष्णार्जुनांमागे गंगीची सून पळाल्याची हकीकत ऐकू येते! आता कीबोर्डची ही खालची लांब पट्टी दाबून धरली तरच आवाज जातो. सोडली की बंद."

सुमंगलाने सासऱ्यांकडे पाहिलं.

"बघतेस काय?" हेगडे उसळले. "पहिल्याच दिवशी शिकलो मी ते. डावा हात पट्टीवर, उजवा मोकळा. एकदाही बोट उचललेलं नाही. गोपाळकृष्णाची शपथ!" लोटा खाली ठेवून त्यांनी हात जोडले, मग लोटा पुन्हा उचलला. "म्हातारा झालोय, पण बोट कुठे आहे ते कळतं मला."

तिच्या धंद्यातला पहिला धडा असा होता की गिऱ्हाईक खोटं बोलत नसतं, पण जे घडलं तेही सांगत नसतं. जे घडलंसं त्याला वाटतं, ते सांगतं. पण हा धडा सासऱ्यांना कोण शिकवणार? तिने विषय बदलला.

"अत्ते, त्या दिवशी माव मध्येच अडले होते का? शब्द सुचला नाही, असं काही?"

"अडतायत कसले!" सावित्रीबाई म्हणाल्या. "आम्ही इथे पडवीत, हे आतल्या खोलीत, दार लोटलेलं. भरताचं सगळं भाषण आम्ही भिंतीआडून ऐकलं. सोलणाऱ्यांचे हात थांबले, मारायरे! गंगी तर पदराने डोळे पुसत होती. आणि तिकडे कोणाला काही ऐकूच आलं नाही म्हणे."

घरात भरत पूर्ण बोलला होता. दालनात तो मुका होता. मधल्या मध्ये कोणीतरी, कुठेतरी आवाज अडवला होता. आणि अडवण्याचा अधिकार दोनच माणसांना होता, एक तिचा बाप आणि दुसरा तिचा आत्तेभाऊ.

३

प्रसन्न शिरसीच्या एका सहकारी बँकेत कारकून. तिला दारात पाहून त्याच्या चेहऱ्यावरचा रंगच उतरला.

"अक्का, कॉफी घेणार?"

"आधी उत्तरं घेते, मग कॉफी. हेगड्यांचा आवाज गेला तेव्हा दर वेळी त्यांचं भाषण कोणी पुरं केलं?"

"मी."

"टाळ्या कोणाला पडल्या?"

"मलाच." तो टेबलावरचा रबरी शिक्का इकडून तिकडे सरकवत राहिला. "बैठक थांबवायची का मग? मस्कतची माणसं उठून जातात लगेच."

"बरं. पट्टी लावल्यापासून कुठली कुठली आख्यानं झाली? क्रमाने सांग."

हे मात्र त्याला झोपेतही आलं असतं. पहिलं 'कृष्णसंधान'. हेगडे कौरव, भट कृष्ण. आवाज अगदी ठणठणीत. हेगड्यांनी त्या दिवशी भटांच्या कृष्णाची अशी पिसं काढली की कृष्णाला शिष्टाई सोडून पळावंसं वाटलं असेल. मग 'भीष्मार्जुन'. हेगडे भीष्म, भट पुन्हा कृष्ण. चक्र घेऊन धावले आणि भीष्माचा आवाज गेला. मग 'मागधवध'. हेगडे मागध, म्हणजे जरासंध, काही त्रास नाही. मग 'कर्णपर्व'. मरणाऱ्या कर्णापुढे कृष्ण आला आणि आवाज गेला. आणि शेवटी हे 'पादुकाप्रदान', ज्यात भट नव्हतेच.

"म्हणून तर हेगड्यांना मामांचा संशय," प्रसन्न म्हणाला. "मामा कृष्ण होऊन समोर आले की यांचा आवाज जातो."

"कृष्णसंधानात नाही गेला."

"अं?"

"माझ्या अप्पय्यांच्या मनात पाप असतं तर त्यांनी कुठल्या दिवशी गळा दाबला असता, तूच सांग. माव त्यांची स्तुती करत होते तेव्हा, की चार लोकांत पिसं काढत होते तेव्हा? चोर आपली आरती चालू असताना घंटा बंद करत नाही. आणि पादुकेच्या दिवशी ते लग्नाच्या पंगतीत वाढत होते." वडिलांनी हे केलेलं नाही, हे तिला आतून माहीत होतं; पण माहीत असणं वेगळं आणि पटवून देता येणं वेगळं. ते आत्ता, या बँकेतल्या खुर्चीत बसून तिला साधलं होतं.

मग तिने भावाकडे पाहिलं.

"म्हणजे उरलास तू."

प्रसन्नाने शिक्का खाली ठेवला. "खरं सांगू, अक्का? मला बरं वाटलं. एरवी मला कोण संधी देतं? सारथी कर, दूत कर. त्यांचा आवाज गेला की मला मोठी पात्रं बोलायला मिळायची. दुसऱ्या खेपेला तर मी वाटच पाहत होतो, आता जाईल म्हणून. हे पाप माझ्या पदरी आहे. पण बंद मी नाही केला. मी नुसता बसून होतो."

"आणि हे मी कशावरून खरं मानू?"

तो कॉफी सांगायला उठला.

४

होन्नावरला बापाने लेकीचं स्वागत केलं ते असं: "ये. व्याह्याने चोर म्हटलंच आहे, आता मुलगी जबानी घ्यायला आली."

"अप्पय्या, तुम्ही नाही केलंत, हे मला कळलंय."

"तुला कळून काय उपयोग? भर सभेत बोलले ते. जिथे लागलं तिथेच पुसायला हवं." एवढं बोलून सुब्राय भट मागच्या अंगणात नारळ मोजल्यासारखं करत निघून गेले. मोजत नव्हतेच काही.

सुमंगला आईजवळ बसली. आयीला हल्ली ऐकायला फार कमी येई. तरी एक बैठक ती चुकवत नसे. मोबाइल मांडीवर घेऊन शेवटपर्यंत बसायची.

"आयी, तुला ऐकू येत नाही, मग काय करतेस गं?" सुमंगला तिच्या कानाशी ओरडली.

"बघते! जो बोलतो त्याच्या नावाभोवती हिरवं कडं पेटतं. कडं कोणाचं ते बघते, गोष्ट पाठच आहे. तुझे वडील बोलतात तेव्हा कडं मिणमिणतं, हेगड्यांचं भक्कन पेटतं."

सुमंगला ताठ बसली. दालनातली बाकी सगळी माणसं ऐकत होती. बघत होती ती ही एकटीच.

"भरताचा आवाज गेला तेव्हा काय दिसलं? हेगड्यांचं नावच नाहीसं झालं का?"

"छे! नाव होतं की."

"नावावर लाल काट? माइकच्या चित्रावर आडवी रेघ?"

"ती तू गेल्या दिवाळीत शिंकलीस तेव्हा प्रसन्नाने तुझ्यावर मारली होती ती ना? नव्हती. नुसतं कडं विझलं. मग सगळं झाल्यावर पुन्हा पेटलं. चांगलंच पेटलं तेव्हा!"

सुमंगलाने आईचा हात घट्ट धरला. तार तुटली असती तर नाव गळालं असतं. अधिकाऱ्याने आवाज बंद केला असता तर लाल काट पडली असती. नावही जागेवर आणि काटही नाही, म्हणजे भटांनी काही केलं नव्हतं, प्रसन्नानेही नाही. आवाज हेगड्यांच्या लॅपटॉपमधून बाहेर निघालाच नव्हता. पट्टी सुटली होती.

पण सुटली का? आणि तीही या तीनच वेळा? कौरवाचं भाषण भरतापेक्षा लांब होतं, मागधाचं त्याहून लांब. हात अवघडला म्हणावं तर तेव्हा सुटायला हवी होती. आणि शपथेवर सांगणारा माणूस खोटं बोलणारा नव्हता. सासऱ्यांपुढे जाऊन "तुमचंच बोट सुटलं" म्हटलं असतं तर मुंज राहिली बाजूला, तिलाच परत पाठवलं असतं.

परतीच्या बसला गर्दी होती. तिच्याशेजारी एक आडदांड गृहस्थ वरची दांडी धरून उभा होता. गेरसोप्प्यानंतर घाट सुरू झाला. पहिल्याच वळणावर देवीची घुमटी लागली. गृहस्थाने दांडी सोडली, डोळे मिटले आणि दोन्ही हात जोडले. बस वळली आणि तो अख्खा सुमंगलाच्या अंगावर आला.

"माफ करा, ताई! हात सुटला."

"सुटला कसा? तुम्ही सोडलात की!"

"मी?" तो खरोखरच गोंधळला. "नाही हो. घट्ट धरली होती."

सुमंगला त्याच्याकडे पाहत राहिली. मग मोठ्याने हसली. काखेत कळसा आणि गावाला वळसा! कषायाचा लोटा खाली ठेवणारे हात तिच्या डोळ्यांसमोर परवा पडवीतच जोडले गेले होते.

५

शनिवारी संध्याकाळी दालन उघडलं ते फक्त घरच्यांसाठी. भटांना तिथे आणायला सुमंगलाला बरंच झुंजावं लागलं; बसमध्ये काय सुचलं तेही त्यांना फोनवर सांगावं लागलं.

"त्या माणसापुढे मी तोंड उघडणार नाही," भट म्हणाले होते.

"त्या माणसापुढे नका उघडू. भीष्मापुढे उघडा."

प्रसन्न शिरसीहून दालनात आला, श्रीपाद बेंगळुरूहून. हेगडे आतल्या खोलीत लॅपटॉपपुढे बसले, डावा हात पट्टीवर. पाठीमागे सावित्रीबाई, शेजारी सुमंगला, तिच्या हातात तिचा मोबाइल आवाज मिटवून उघडा ठेवलेला.

"माव, आधी कौरव," ती म्हणाली.

कौरव गरजला. गवळ्याच्या पोराने राजांना नीती शिकवू नये, असं त्याने कृष्णाला सुनावलं. हिरवं कडं एकदाही विझलं नाही.

"आता भीष्म. अप्पय्या, चक्र घ्या."

भट आधी नाइलाजाने बोलू लागले, पण दोन वाक्यांत त्यांच्यातला कृष्ण जागा झाला. रथावरून उडी टाकून तो धावला. हेगड्यांनी श्वास घेतला. "ये, देवा," भीष्म म्हणाला. "शस्त्र न धरण्याची तुझी शपथ तू माझ्यासाठी मोडलीस. आणखी काय हवं या म्हाताऱ्याला?"

यातलं होन्नावरला पोचलं ते फक्त "ये, देवा" एवढंच. खोलीत मात्र भीष्म बोलतच होता, डोळे मिटून, गालावर पाणी आणि छातीपाशी दोन्ही हात जोडलेले. सुमंगलाने त्याला थांबवलं नाही. तिने फक्त मोबाइल सासऱ्यांपुढे धरला.

"माव, डोळे उघडा. हात तसेच ठेवा. आता कडं बघा."

हेगड्यांनी विझलेलं कडं पाहिलं. मग हातांकडे पाहिलं, कोणा परक्याचे हात आपल्या अंगावर राहून गेले असावेत तसं.

"कौरव कृष्णाला हात जोडत नाही," सुमंगला हळूच म्हणाली. "मागध जोडत नाही. भीष्म जोडतो, मरताना कर्ण जोडतो, भरत रामाला जोडतो. तुमचा भीष्म खरा आहे, माव, म्हणून पट्टी सुटते. मग गलका ऐकून तुम्ही डोळे उघडता, रागावता, आणि हात आपोआप पट्टीवर परत जातो. तुम्ही खोटं बोलला नाहीत. अप्पय्यांनीही काही केलं नाही."

"आम्ही भिंतीआड," सावित्रीबाई म्हणाल्या. "आम्हाला हात कसे दिसणार?"

हेगड्यांनी थोडी कुरकुर केली. "म्हणजे देवापुढे एका हाताने बोलायचं म्हणता? दुसरा यंत्रावर ठेवून? शोभतं का ते?" पण त्या कुरकुरीत दम नव्हता. ते वरपक्षाचे होते. मुलीच्या बापापुढे वाकायची त्यांच्या सात पिढ्यांत पद्धत नव्हती, आणि सुमंगलाला ते पुरेपूर ठाऊक होतं.

हेगड्यांनी पट्टीवर बोट ठेवलं.

"भट्रे."

"ऐकतोय," पलीकडून कोरडा आवाज आला.

"भीष्म झालो तेव्हा आणि कर्ण झालो तेव्हा, दोन्ही वेळा तुम्हालाच हात जोडले मी. आणि भर सभेत चोरही तुम्हालाच म्हटलं. येत्या शनिवारी, सगळ्यांसमोर, मी..."

आणि आवाज गेला.

होन्नावरला आयी मांडीवरच्या मोबाइलवर वाकली. "कडं विझलं हो! हेगडे गेले की काय?"

"गेले नाहीत," सुब्राय भट म्हणाले. त्यांनी वाकून ते विझलेलं कडं पाहिलं.

"हेगडेरे, पुरे आता. हात खाली घ्या. मुंजीचा मुहूर्त कितीचा आहे ते सांगा, आणि तेवढं मात्र बोट ठेवून सांगा."